सवय असली तरी ऊन लागतं

या वेळच्या पत्रांमध्ये एक वाक्य जिकडेतिकडे आहे: ‘आम्हाला उन्हाची सवय आहे.’ खोटं नाही. पण ही सवय जेवढी अंगाची, त्याहून जास्त घराची असते. पहाटे वावरात जायचं, दहाच्या आत परतायचं, दारात माठ, खिडकीत वाळ्याचा कूलर, दुपारी एक डुलकी. प्रवासाला निघालं की हे सगळं मागे राहतं आणि अंग तेवढं सोबत येतं. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न: मेच्या शेवटी आम्ही सहा जण स्वतःच्या गाडीने जोधपूर, रामदेवरा, जैसलमेर आणि तनोटला जाणार आहोत. मुलांना सुट्टी तेव्हाच असते. चंद्रपूरच्या उन्हात वाढलेल्यांना तिथे वेगळं काय होणार? सोबत काय घ्यावं? (वणी तालुका)

आकड्यांत फार फरक नाही. नागपूरने २०१३च्या मेमध्ये ४७.९ अंश पाहिले आणि ब्रह्मपुरी-चंद्रपूरची नावं दर उन्हाळ्यात देशाच्या यादीत वर असतात. राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ला ५१ अंशांची नोंद झाली. तुमचा रस्ता त्याच मुलखातून जातो, आणि तुम्ही निघताय तेही नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. शिवाय हे आकडे सावलीतल्या, हवा खेळती असलेल्या पेटीतले असतात. उन्हातलं डांबर आणि वाळू साठ अंशांच्या पुढे जाते.

खरा फरक आहे तो सावलीचा. वणीहून चंद्रपूरला जाताना दर चार-पाच किलोमीटरवर गाव, कडूनिंब, पाणपोई, नाहीतर निदान रसवंती लागते. जैसलमेरच्या पुढे तनोटकडे निघालात की साधारण १२० किलोमीटरच्या वाटेवर रामगढ हे एकच मोठं ठिकाण. तिथे टाकी फुल करा आणि पुढे पंपाचा किंवा मोबाईलच्या रेंजचा भरवसा धरू नका. दुसरी गोष्ट घामाची. हवा इतकी कोरडी असते की घाम येतो तसा वाळतो. कपाळ कोरडं, म्हणून माणूस म्हणतो मला घामच नाही. संध्याकाळी काळ्या शर्टाच्या पाठीवर पांढरे पट्टे दिसतात, ते त्या घामातलं मीठ.

पाणी पिण्यासाठी माणशी दिवसाला किमान ६ लिटर धरा, म्हणजे सहा जणांचे ३६. त्याशिवाय २० लिटरचा एक कॅन राखीव, ज्याला मुक्कामी पोचेपर्यंत हात लावायचा नाही. सगळं पाणी एकाच कॅनमध्ये भरू नका, तो फुटला की संपलं. एक कॅनव्हासची छागळ मिळाली तर जरूर घ्या. तिच्यातून पाणी झिरपून वाळत राहतं, त्यामुळे चालत्या गाडीच्या वाऱ्यात ती माठापेक्षा लवकर गार करते. नवी छागळ मात्र आधी रात्रभर भिजवून फुगवावी लागते, नाहीतर निम्मं पाणी वाटेतच गळतं.

दिवसाची आखणी अशी ठेवा: पहाटे पाचला निघायचं, अकराच्या आत छताखाली, पुन्हा संध्याकाळी साडेपाचनंतर बाहेर. जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर आहे, पहाटेच्या टप्प्यात बसतं. वाळूच्या टेकड्या पाहायला जैसलमेरजवळच्या सम गावी संध्याकाळीच जा आणि आपली गाडी वाळूत घालू नका. साध्या दोन चाकांच्या ओढीची गाडी तिथे दहा फुटांत रुतते.

आता टायर. यावर लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि उन्हाळी अपघातांत टायर फुटणं वारंवार येतं. टायर फुटतो तो हवा जास्त झाली म्हणून, असा समज आहे. बहुतेक वेळा उलट असतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि उठते, त्या लवण्याने आतल्या आत तापते आणि थर सुटतात. त्यात सहा माणसं, छतावर सामान आणि ताशी शंभरचा वेग. म्हणून:

- हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो धरा.
- चालून तापलेल्या टायरचा आकडा चार-पाच पीएसआय वाढलेला दिसतो. तो तसाच राहू द्या. त्या वेळी हवा सोडली की थंड झाल्यावर टायर कमी हवेचा होतो आणि आपणच संकट ओढवून घेतो.
- टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी या प्रवासाला नको. स्टेपनीचाही आकडा पाहा, ती बहुधा सगळ्यांत म्हातारी असते.

कूलंट आधीच बदलून घ्या. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची आपल्याकडची सवय सोडा. त्यातले क्षार नळ्यांत बसतात आणि ऐन चढावर काटा लाल होतो. काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. आत भाजून निघाल, पण इंजिनातली उष्णता बाहेर येते. तरीही उतरला नाही तर थांबा, इंजिन बंद करा. झाकण किमान अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं आणि झाकण फिरवताच उकळून तोंडावर येतं.

मे-जूनमध्ये तिकडे आंधी येते. धुळीची भिंत समोर दिसली की रस्त्यावरून पूर्ण खाली उतरा, हॅन्डब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय काढा आणि सगळे दिवे बंद करा. मागचा लाल दिवा चालू राहिला तर मागून येणारा ट्रक त्यालाच रस्ता समजून तुमच्या मागोमाग येतो.

प्रश्न: अशा निर्जन ठिकाणी गाडी बंद पडलीच तर पायी जवळचं गाव गाठावं की थांबावं? पाणी पुरवून पुरवून प्यावं का? (आर्वी)

गाडी सोडू नका. शोधणाऱ्याला गाडी दुरून दिसते, माणूस दिसत नाही. बॉनेट उघडं ठेवा, रस्त्यावरून जाणाऱ्याला ती खूण पुरेशी असते. रेंज असेल तर ११२ लावा आणि शेवटचा मैलाचा दगड कोणता होता ते सांगा.

पण गाडीत बसू नका, एसी बंद असताना ती भट्टी होते. सोबत ताडपत्री असेल तर तिची एक बाजू छताच्या कॅरियरला बांधून दुसरी जमिनीकडे ओढा. वर चादर टाकून दोहोंत हातभर अंतर ठेवलं तर खालची सावली बरीच गार होते, कारण वरचा कपडा तापतो आणि मधली हवा निघून जाते. थेट जमिनीवर बसायचं नाही. सीट काढून ठेवा, किंवा फूटभर वाळू उकरा. पृष्ठभाग पोळतो, पण फूटभर खाली वाळू खूपच गार लागते.

पाणी राखून ठेवायचं नाही, तहान लागेल तसं प्यायचं. बाटलीत शिल्लक आणि माणूस बेशुद्ध, असं होऊन चालत नाही. राखायचा तो घाम: हालचाल कमी, बोलणं कमी, अंगभर सैल कपडे. राजस्थानी माणूस एवढं मोठं पागोटं आणि पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालतो तो हौस म्हणून नव्हे. चालायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, आणि गाव कुठे आहे याची खात्री असेल तरच.

प्रश्न: लगीनसराईत मोटरसायकलवर साठ-सत्तर किलोमीटर जावं लागतं. वारा लागतो म्हणून त्रास होत नाही, पण पोचल्यावर डोकं ठणकतं. असं का? (दर्यापूर)

वाऱ्यानेच. आपली कातडी साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगातली उष्णता नेतो. हवा ४४ची झाली की तोच वारा अंगात उष्णता भरतो, कूलरचं पाणी संपल्यावर नुसता पंखा जसा गरम झोत फेकतो तसं. घाम क्षणात वाळतो, त्यामुळे आपण किती पाणी गमावलं ते कळत नाही. तासाभरात एक लिटर सहज जातं.

उघडे हात ठेवून गाडी चालवू नका. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, त्याच्या आत ओला दुपट्टा छातीवर आणि मानेभोवती, हेल्मेटखाली ओलं पातळ फडकं. दुपट्टा वीस-पंचवीस मिनिटांत कडक वाळतो, तेव्हा थांबून पुन्हा भिजवा आणि त्याच वेळी ग्लासभर पाणी प्या. तोंडाला कोरडा दुपट्टा गुंडाळून चालवत सुटणं ही आपल्याकडची रीत धुळीला चांगली, उष्णतेला फारशी कामाची नाही.

आणि वेळ. बारा वाजता ऊन डोक्यावर असतं म्हणून लोक थांबतात आणि तीनला ‘आता कललं’ म्हणून निघतात. हवेचं तापमान सर्वांत जास्त असतं ते अडीच ते साडेचारच्या दरम्यान. बाराची वरात चुकली तरी चालेल, तीनचं निघणं टाळा. लहान मुलाला टाकीवर बसवून या वेळेत नेऊ नका.

प्रश्न: एसटीने किंवा काळी-पिवळीने जाताना आम्ही बायका पाणीच पीत नाही, वाटेत सोय नसते. काय करावं? (घाटंजी)

तुमचं कारण खरं आहे आणि ‘पाणी प्या’ एवढं सांगून ते सुटत नाही. निघण्याच्या दोन तास आधी अर्धा-पाऊण लिटर पिऊन घ्या आणि निघताना जाऊन या. वाटेत मोठ्या आगारात गाडी थांबते तिथला थांबा हुकवू नका. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी मोफत द्यावं लागतं, पेट्रोल घ्या वा न घ्या. काळी-पिवळीवाल्याला निघतानाच सांगून ठेवा. गाडीत घोट घोट चालू ठेवा. लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतं आहे.

प्रश्न: खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही का? आणि ओआरएस चांगलं की पन्हं? (तेल्हारा)

खिशातला कांदा निरुपद्रवी आहे. भाकरीबरोबर खाल्ला तर निदान पोटात जातो.

पन्हं, आंबील, मीठ घातलेलं ताक ही सगळी चांगली. पाणी, मीठ आणि थोडी साखर एकत्र असली की आतडं पाणी लवकर ओढून घेतं, ओआरएसचं तत्त्व हेच. पाकीट घ्याल तर ते एक लिटर पाण्यासाठीचं आहे ना ते पाहा आणि मागचं घटकपत्र वाचा: लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. ओआरएससारखं नाव लावून विकली जाणारी गोड पेयं याहून कितीतरी गोड असतात. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ओतू नका, असं दाट पाणी उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पात्याने वरचं काढून टाकलेलं. आपल्या घरी चमचा शिगोशीग भरायची पद्धत, तिथेच मीठ दुप्पट होतं.

उन्हात राबताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर. तासाला दीड लिटरच्या वर नको. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकेदुखी, उलट्या आणि भ्रम होतो आणि तो ऊन लागल्यासारखाच दिसतो. जेवण टाळू नका, दिवसभराचं बहुतेक मीठ त्यातूनच येतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

प्रश्न: ट्रॉलीतून वऱ्हाड नेताना एखाद्याला ऊन लागलं आणि दवाखाना वीस किलोमीटरवर असला तर काय करायचं? (सिंदेवाही)

आधी ओळखा. चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, पण बोलणं ताळ्यावर असेल तर सावलीत आडवं करा, पाय उंच, कपडे सैल, ओआरएस घोट घोट. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं.

नाव, गाव आणि आज वार कोणता हे विचारा. उत्तर बरळल्यासारखं आलं, माणूस चिडखोर झाला, अडखळू लागला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. राबताना लागलेल्या उन्हात घाम असतोच. अंगाचं तापमान चाळिशीच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड अक्षरशः शिजू लागतात. पहिल्या अर्ध्या तासात गार करणं हाच उपचार. म्हणून १०८ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जागेवरच गार करा. आधी गार, मग प्रवास.

ट्रॉलीत ताडपत्री असतेच. ती सावलीत पसरा, माणसाला वरचे कपडे काढून मधोमध ठेवा. चौघा-पाचांनी कडा धरून उचलायच्या, म्हणजे झोळीसारखं टाकं तयार होतं. त्यात टाकीतलं, बोअरचं, मिळेल ते पाणी ओता, शंभर लिटरच्या आसपास. जवळच्या रसवंतीवर एकाला पिटाळा, तिथे बर्फाची लादी असते. बर्फ फोडून पाण्यात टाका आणि पाणी हलवत राहा, कारण अंगालगतचं पाणी लगेच कोमट होतं. एकाने फक्त डोकं सांभाळायचं, नाकातोंडात पाणी जाता कामा नये. दहा-पंधरा मिनिटांत माणूस शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला की बाहेर काढा. इतकं पाणी नसेल तर सगळ्या अंगावर ओतत राहा आणि तीन-चार जणांनी टॉवेलने जोरात वारा घाला.

बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. पॅरासिटॅमॉल देऊ नका, हा ताप वेगळा आहे, त्याने उतरत नाही आणि यकृतावर भार पडतो. शुद्धीवर आला, हसला, तरी दवाखान्यात न्यायचंच. आतल्या अवयवांची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते.

प्रश्न: आई इन्सुलिन घेते. दोन दिवसांच्या प्रवासात आणि गावी फ्रिज नसताना ते कसं टिकवावं? (मोताळा)

वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या आत असेल तर साधारण चार आठवडे चालते. तुमच्या गावी मेमध्ये सावलीही ३०ची नसते. एका पसरट मातीच्या भांड्यात दुसरं लहान भांडं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा आणि वर ओलं फडकं टाका. इन्सुलिन कोरड्या प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या भांड्यात. कोरड्या हवेत हे चांगलं चालतं, पाऊस सुरू झाला की चालत नाही. प्रवासात रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाणी, त्यात झिपच्या पिशवीत बाटली. थेट बर्फावर ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही. एरवी पारदर्शक असणाऱ्या इन्सुलिनमध्ये ढगाळपणा किंवा कण दिसले तर बाटली बाद. रक्तदाबासाठी ‘लघवीची गोळी’ चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

प्रश्न: फिटरच्या कामावर जूनमध्ये कुवेतला चाललो आहे. इथे उन्हातच काम करतो, तिकडे जमेल ना? (पुसद)

कुवेतमधल्या मित्रिबाहला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश नोंदले गेले, तेवढी सवय पुसदमध्ये होत नाही. अंग नव्या उष्णतेला रुळायला एक ते दोन आठवडे घेतं. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. नव्या माणसासाठी मान्य पद्धत अशी आहे की पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच उन्हात, पुढे रोज तेवढंच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. जोर दाखवायला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करणारे पहिल्या आठवड्यात पडतात. मुकादमाला हे आल्या आल्या सांगा. महिनाभर सुट्टीवर घरी येऊन परत गेलात की ही सवय बहुतेक गेलेली असते, पुन्हा पहिल्यापासून.

कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम घेण्यास बंदी आहे. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर १० ते साडेतीन, अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन. समुद्राकाठच्या दमट दिवशी ओला दुपट्टा आणि पंखा दोन्ही फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण घाम वाळतच नाही. तेव्हा ४० अंशही आपल्या ४६पेक्षा जड जातात, विश्रांती एसीच्या खोलीतच घ्या.

प्रश्न: बैलबंडीने दुपारी बाजारातून परत यावं लागतं. जनावरांचं काय? (मूल)

पारा ३७च्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळेत ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांना जुंपायचं नाही, असा केंद्राचा नियम १९६५पासून आहे. मे महिन्यात आपल्याकडे तो रोजच लागू पडतो आणि रोजच मोडतो. बाजारातच सावलीत सोडा, चारनंतर निघा, ऊन फार असेल तर साडेपाचला. कामाच्या बैलाला उन्हाळ्यात दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी लागतं, ते एकदम न पाजता तीन-चार वेळा पाजा. बैल तोंड उघडं टाकून धापा टाकू लागला, लाळ गळू लागली की लगेच सोडून पाठीवर, पोटाखाली आणि मांड्यांच्या आत पाणी मारा. वशिंडावर ओलं पोतं टाकून ठेवत असाल तर ते वाळू देऊ नका, सुकलेलं पोतं उष्णता धरून ठेवतं.